तारेची लांबी

३ फेब्रुवारी

ताई,

वर काय लिहायचं यात दोन कागद फुकट गेले. ‘प्रिय ताई’ लिहिलं तर तू म्हणशील, आली का आठवण. ‘सादर नमस्कार’ लिहिलं तर बँकेत अर्ज केल्यासारखं वाटलं. म्हणून नुसतंच ताई.

तुझा पत्ता आईच्या औषधांच्या डब्यात सापडला. गोळ्यांच्या पाकिटांवर, अगदी वरच. म्हणजे तुम्हा दोघींची पत्रापत्री चालू असते. तू गेल्यानंतरची तीन वर्षं मी याच घरात राहतोय आणि मला कुणी सांगितलं नाही. बरोबरच आहे म्हणा. मी कुणाला काय सांगितलंय?

तू गेल्यापासून इथे काहीही बदललेलं नाही. खाली मामांचा कारखाना, मधल्या मजल्यावर ते स्वतः, वर आम्ही. रस्त्यावर जायचं तर मामांच्या दारावरूनच, आणि त्यांचं दार कायम उघडं. ‘काय रे, कुठे?’ एवढंच विचारतात. प्रेमानं विचारतात, हीच तर पंचाईत आहे.

हे पत्र मी तपासणीच्या खोलीत बसून लिहितोय. तीच आपली दहा बाय आठ, खिडकी नाही, एकामागे एक दोन दारं. सेन्सर बुडवायचं तेल सदतीस अंशांवर स्थिर होईपर्यंत दीड तास दार उघडायचं नाही हा नियम तू केलास आणि तू निघून गेलीस. कोंडून मी बसतोय.

काम असं आहे. एका गिऱ्हाइकाची किरकोळ कुरकुर आहे. आपला सेन्सर थोडं जास्त तापमान दाखवतो म्हणतात. तुझ्या निळ्या वहीत तिसऱ्या करंटचं एक पान होतं बघ. ट्रान्झिस्टरमधून आधी लहान करंट सोडायचा, मग दसपट मोठा, आणि दोन्ही वेळच्या व्होल्टेजच्या फरकावरून तापमान काढायचं, हे आपण करतोच. पण तारेचा रेझिस्टन्स मधेच त्या फरकात स्वतःची भर घालतो. तारेचा एक ओहम म्हणजे अर्धा अंश खोटी उष्णता, हे तू मला पाठ करायला लावलं होतंस. तू म्हणायचीस, ‘दोनच साक्षीदार असले की खोटं कोण बोलतंय ते कळत नाही रे घुम्या. तिसरा आणला की तारेचं पितळ उघडं पडतं.’

तो तिसरा करंट किती घ्यायचा ते मला आठवत नाही, आणि वही तू घेऊन गेलीस. तेवढा आकडा कळव. कार्डावर लिहिलास तरी चालेल.

बाकी इकडे सगळं ठीक.

तुझा,
घुम्या


११ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर नाही. टपालाला वेळ लागत असेल असं मी रोज सकाळी स्वतःला सांगतो.

‘किरकोळ’ हा शब्द मागे घेतो. ते गिऱ्हाईक म्हणजे रुग्णालय आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ठेवतात त्या काचेच्या पेट्या. चाळीस पेट्यांना आपले सेन्सर आहेत. तूच तर काढली होतीस ती रचना: शर्टाच्या बटणाएवढा सेन्सर बाळाच्या पोटाला चिकटवायचा, त्याची सहा मीटरची तार भिंतीवरच्या डब्यापर्यंत न्यायची, आणि डब्यातलं सर्किटचं कार्ड ठरवणार की पेटी तापवायची की नाही.

तिथे एक मोठ्या सिस्टर आहेत. पन्नाशीच्या, बोलायला कमी, खिशात काचेचा थर्मामीटर. त्यांनी मला सात नंबरच्या पेटीपाशी उभं केलं. आत सातव्या महिन्यात जन्मलेली मुलगी. अकराशे ग्रॅम. वीस दिवस झाले, वजन तिथेच. डब्याच्या पडद्यावर साडेछत्तीस, सिस्टरांच्या काचेत पस्तीस.

सिस्टर म्हणाल्या, “जे पोटात जातंय ते ऊब धरण्यातच संपतंय. तुमचा पडदा म्हणतो ती गरम आहे, म्हणून पेटी तापत नाही. माझ्या हाताला तिचे पाय गार लागतात. आता मी कुणाचं ऐकू?”

मी म्हणालो, “बघतो.”

हा माझा लाडका शब्द, तुला माहीत आहे.

आता तुला सांगितलंच पाहिजे. तू गेल्यावर मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली. जे तापमान येईल त्यातून एक अंश वजा कर, बस्स. मामा म्हणाले, “बघ, मिटलं की नाही? पोरीनं उगाच डोक्याला ताप दिला होता.” आणि खरंच मिटलं होतं. पण प्लगच्या पिना काळ्या पडत जातात, ओहम वाढत जातात, आणि माझा एक अंश आता पुरत नाही. एकेका पेटीत वेगळी चूक आहे. कुठे अर्धा अंश, कुठे दीड. आणि कुठे किती, ते बाहेरून कळत नाही.

रुग्णालयाच्या पहिल्या तक्रारीनंतरच्या त्या चौकशीच्या कागदाबद्दल तू विचारशील. मामांनी पुढे ठेवला, मी सही केली. ‘मोजणाऱ्या व्यक्तीच्या हलगर्जीपणामुळे चूक झाली,’ एवढंच वाक्य होतं. तुझं नाव नव्हतं त्यात. नोंदवहीत सह्या तुझ्या होत्या ही गोष्ट वेगळी. तो कागद मामा तुला नोकरी देऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला दाखवत सुटतील हे मला कुठे माहीत होतं?

हां, एक राहिलं. सेन्सर तपासताना ज्या साच्यात अडकवतो, त्या आपल्या जिगमधली तार मूळ लांबीची नव्हती असं नंतर लक्षात आलं. कुणीतरी बदलली असावी.

आकडा लवकर पाठव. मुलगी लहान आहे गं.

घुम्या


१९ फेब्रुवारी

ताई,

रागावलीस, मान्य. पण एक आकडा लिहायला काय हात झिजतो? तुझा राग माझ्यावर आहे ना, मग त्या पोरीनं काय घोडं मारलंय तुझं?

हे वाक्य खोडणार होतो. राहू दे.

मी स्वतः प्रयत्न केला. तिसरा करंट म्हणजे आणखी मोठा, असं धरून चाललो. दहा, शंभर आणि त्यावर हजार मायक्रोअँपिअर. तारेचा रेझिस्टन्स गेला खरा, पण एवढ्या करंटनं ट्रान्झिस्टर स्वतःच तापायला लागला आणि स्वतःचाच ताप मोजून सांगायला लागला. पाव अंश इकडे, पाव अंश तिकडे. चार दिवस या खोलीत घाम गाळला. कोंडलेल्या जागेत माणूस असेल तर खोली पण तापते, हे तू नियमात लिहायला विसरलीस.

हिनं परवा जेवताना विचारलं, “अहो, तुम्ही घास तोंडात धरून कुणाशी बोलता?” मी म्हटलं, “तारेशी.” ती हसली नाही. तिला मी काहीच सांगितलेलं नाही. काय सांगू? राहतो ते घर मामांचं, खातो ती नोकरी मामांची, आपले बाबा गेल्यावर आईला आणि आपल्याला हात धरून आणलं मामांनी. तिचं स्थळसुद्धा त्यांनीच आणलं. त्यांच्याविरुद्ध बोलायला तोंड उघडलं तर दात त्यांनीच बसवलेले निघतील.

शेवटी गेलो त्यांच्याकडे. म्हटलं, “मामा, चाळीसही कार्डं परत बोलवू. नवा प्रोग्रॅम घालू.”

ते पेपर वाचत होते. पेपर खाली ठेवून त्यांनी मला शेजारी बसवलं. “अरे, परत बोलावलं की लोक विचारणार, तीन वर्षं झोपला होतात का? मग तुझी सही निघेल, माझी नाही. मला तुझी काळजी आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. जास्त दाखवतंय ना? आणखी वजा कर.”

“पण प्रत्येक पेटीत वेगळं आहे, मामा.”

“मग प्रत्येकीत वेगळं वजा कर. हुशार आहेस तू.”

काल गेलो आणि सात नंबरमध्ये आणखी दीड अंश वजा केला. एकूण अडीच. पडदा पस्तीसवर आला, पेटी तापायला लागली. आज सकाळी सिस्टरांचा फोन आला. पाय कोमट लागतायत म्हणाल्या. “शाबास हो तुमची,” म्हणाल्या. तीन वर्षांत मला कुणी शाबास म्हटलं नव्हतं. दिवसभर मी शीळ घालत होतो.

घुम्या


२४ फेब्रुवारी

ताई,

शनिवारी वॉर्डाची सफाई असते. सिस्टर स्वतः एकेक वस्तू स्पिरिटनं पुसतात. त्यांनी सात नंबरचा प्लग काढला, काळ्या पिना दिसल्या, पुसून लख्ख केल्या, परत लावला.

पुढचं तुला सांगायला नको, पण मी सांगतो, कारण कुणाला तरी सांगायलाच हवं. पिना स्वच्छ झाल्या, ओहम गेले, आणि माझे वजा केलेले दीड अंश तसेच राहिले. पडद्याला वाटलं मुलगी गार आहे. पेटी तापत राहिली. तासाभरानं सिस्टरांनी सवयीनं काच लावून बघितली तर अडतीस. मुलगी लालबुंद, श्वास भराभर. त्यांनी पेटी बंद केली, झाकण उघडलं, डॉक्टरांना हाक मारली. मुलगी वाचली. सिस्टरांच्या सवयीनं वाचली, आपल्या यंत्रानं नाही.

मी पोचलो तेव्हा सिस्टर स्टुलावर बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, “माझीच चूक. मी कशाला हात लावला? इतक्या वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं माझ्याकडून.” आणि रडायला लागल्या. पन्नाशीची बाई, माझ्यासमोर, माझ्या चुकीसाठी.

मी काय केलं? मूग गिळून उभा राहिलो. पाणी आणून दिलं.

सात नंबरची वजाबाकी अडीचवरून परत एकवर आणली आणि घरी आलो. मामांचं दार उघडंच. त्यांच्या हातात कागद तयार. ‘अनधिकृत व्यक्तीने प्लग हाताळल्यामुळे बिघाड झाला.’ खाली माझ्या सहीची जागा. “सोमवारपर्यंत दे,” म्हणाले. “त्या बाईचं काही वाकडं होणार नाही. फार तर बदली.” तुझ्या वेळीही हेच म्हणाले होते. फार तर दुसरी नोकरी बघेल, हुशार आहे ती.

टाइपही तोच आहे, ताई. तेच मशीन असणार. ‘ह’ जरा वर उचललेला.

कागद घेऊन वर आलो तर टेबलावर तुझं कार्ड. नमस्कार नाही, कसा आहेस नाही, मागितलेला आकडा नाही. एकच ओळ.

‘जिगमधली तार किती लांब होती?’

तुला माहीत आहे. मी ‘कुणीतरी बदलली असावी’ लिहिलं म्हणून कळलं, की जातानाच माहीत होतं? जातानाच माहीत असेल तर तू तेव्हा मामांसमोर बोलली का नाहीस? मी बोलेन म्हणून थांबली होतीस?

कार्ड शर्टाच्या खिशात ठेवलंय. त्याच खिशात मामांचा कागद आहे. आई दारात येऊन उभी राहिली, मग गेली. खाली मामा, वर आई, खिशात तुम्ही दोघं. जावं तरी कुठे माणसानं?

घुम्या


१ मार्च

ताई,

अर्धा मीटर.

मीच कापली. तू डोळे तपासायला गेली होतीस तो दिवस. त्या आठवड्यात चाळीसही सेन्सर तपासायचे होते, आणि प्रत्येक वेळी ती सहा मीटरची तार तेलात बुडणार, गुंतणार, पुसायची, गुंडाळायची. कंटाळा आला. यापेक्षा मोठं कारण नाही, मी तीन वर्षं शोधून पाहिलं. म्हटलं, सेन्सर तोच, तार लांब काय नि आखूड काय. कापली, जोडली, जिगचं झाकण लावून टाकलं. झाकण लावल्यावर आतली तार कुणाला दिसते? तू परत आलीस, त्याच जिगवर मोजलंस आणि नोंदवहीत सह्या केल्यास. इथे सगळे सेन्सर अचूक निघाले आणि तिथे सहा मीटरची तार लागल्यावर एक अंश जास्त दाखवायला लागले. तू डोकं धरून बसायचीस, ‘माझं कुठे चुकतंय?’ म्हणायचीस, आणि मी शेजारच्या खुर्चीवर बसून तुला चहा ओतून द्यायचो.

अक्षर लागत नसेल तर दोनदा वाच.

सोमवारी मी मामांना त्यांचा कागद सही न करताच परत दिला. त्यांनी विचारलं, “सही?” मी म्हटलं, “दुसऱ्या कागदावर केलीय.” तो दुसरा कागद मी सकाळीच रुग्णालयात देऊन आलो होतो. आधी देऊन मग सांगितलं, कारण आधी सांगितलं असतं तर त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं असतं, आणि मी बसलो असतो. त्यात सगळं लिहिलंय. तार कोणी कापली, एक अंश कोणी वजा केला, अडीच कोणी केले, आणि तीन वर्षांपूर्वीचा चौकशीचा कागद खोटा होता हे माहीत असून त्यावर सही कोणी केली. तुझं पूर्ण नाव लिहिलंय त्यात, तुझी चूक नव्हती हेही. सिस्टरांनी उभ्यानंच वाचलं. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “मी दोन रात्री झोपले नाही.” एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

आता दर तासाला चाळीसही बाळांना काच लावून बघतात. डॉक्टरांनी मामांना सांगितलंय, दहा तारखेपर्यंत कार्डं दुरुस्त करा, नाहीतर सगळी परत घ्या. म्हणून मला अजून या खोलीत बसू देतायत. काम झालं की खोली सोडायची, आणि पंधरा तारखेला घर. मामा ओरडले नाहीत. “तुझ्यासाठी मी काय कमी केलं रे?” म्हणाले आणि त्यांनी दार लावून घेतलं. त्यांचं दार बंद मी पहिल्यांदाच पाहिलं. कमी काहीच केलं नव्हतं त्यांनी. मला अजून वाईट वाटतं, आणि वाटत राहणार.

हिला सगळं सांगितलं. तिनं फळीवरचे डबे खाली काढले. मग म्हणाली, “ताई गेल्या तेव्हा मी नवी होते. मला वाटलं, या घरात बायका अशाच जातात.” आणि डबे रिकामे करायला लागली. आईनं मामांना निरोप पाठवला, “तीस वर्षं भावाच्या घरी राहिले, आता थोडे दिवस लेकाच्या घरी राहून बघते.” लेकाला घर आहे कुठे, हे तिनं मला विचारलेलं नाही. तुझा पत्ता डब्यात नेहमी तळाशी असायचा, तिनंच वर काढून ठेवला होता, हेही काल सांगितलं. जानेवारीत मी झोपेत बडबडत होतो म्हणे.

आकडा मिळाला. तुझ्याशिवाय मिळाला, म्हणजे तुझ्या कार्डामुळेच. अर्धा मीटर हे दोन शब्द कागदावर लिहून झाले आणि मग डोकं चालायला लागलं. मी उगाच मोठा करंट शोधत होतो. दहा आणि शंभरच्या मधला चालतो. पन्नास. ट्रान्झिस्टर तापत नाही, आणि तीन वाचनं जुळवली की तार कितीही लांब असो, प्लग काळा असो की लख्ख, तिचा हिस्सा वेगळा निघतो. मुद्दाम काळे प्लग लावून पाहिले, स्पिरिटनं पुसून पाहिले. पडदा दशांशानंही हलला नाही. माझी वजाबाकीची ओळ पुसून टाकली. आजवर तेवीस कार्डं झाली. सात नंबरचं सगळ्यात आधी केलं. सिस्टरांनी काच लावली, पडदा बघितला, मग आत हात घालून पाय धरून बघितले. माझ्याशी बोलल्या नाहीत, पण काच खिशात ठेवली. मुलगी अकराशे चाळीस झाली.

आत्ता चोविसाव्या कार्डाचा सेन्सर तेलात आहे. दार उघडायला अजून वीस मिनिटं आहेत.

या पत्राबरोबर त्या कागदाची नक्कल आहे. ज्याला दाखवायची त्याला दाखव. आणि पुडक्यात कापून उरलेली तार आहे. जिगच्या पेटीच्या तळाशी वेटोळं करून ठेवली होती, टाकायची हिंमत झाली नाही. साडेपाच मीटर भरायला हवी. माझ्या शब्दावर जाऊ नकोस, ताई. मोजून घे.

घुम्या